गाठीला रक्त लागतं, पण किती?

सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘हायपरव्हॅस्क्युलर’ हा शब्द असला, की सगळ्यात जास्त धसका त्याचाच घेतला जातो. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली भागातल्या खानदेशी घरांत असा रिपोर्ट इंग्रजीत येतो, डॉक्टर तो गुजरातीमिश्रित हिंदीत समजावतात आणि रात्री घरात त्याची चर्चा अहिराणीत होते. एवढ्या भाषा ओलांडूनही एक अर्थ मात्र शाबूत पोचतो : गाठीला रक्तपुरवठा भरपूर आहे. पुढचा हिशेब कुणीही करतं. रक्त भरपूर म्हणजे गाठीला खायला भरपूर, म्हणजे ती वाढणार जोरात.

हा हिशेब अडाणीपणाचा नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी तोच केला होता आणि काही अवयवांच्या बाबतीत तो बराचसा खराही ठरला. पण गाठ स्वादुपिंडात असेल, तर तो अनेकदा चक्क उलटा लागतो. जठराच्या मागे आडव्या पसरलेल्या, जेमतेम वीतभर लांबीच्या या अवयवात रक्ताने तुडुंब भरलेली गाठ पुष्कळदा सौम्य स्वभावाची निघते आणि जिच्यापर्यंत रक्त कसंबसं पोचतं, ती सुकलेली, फिकट गाठ जीव घेते. असं का व्हावं, याचं उत्तर शोधताना जे हाती लागलं, ते मला कर्करोगविज्ञानातल्या सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक वाटतं.

सुरुवात १९६०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या एका प्रयोगशाळेत झाली. लांबच्या सफरींवर रक्ताच्या बाटल्या टिकत नाहीत, म्हणून त्याला पर्याय शोधण्याचं काम ज्युडा फोकमन या तरुण सर्जनकडे आलं होतं. फोकमन आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक बेकर यांनी सशाची थायरॉइड ग्रंथी काढून काचेच्या भांड्यात ठेवली आणि तिच्यातून हिमोग्लोबिनचं द्रावण खेळवलं. ग्रंथी जिवंत राहते का हे तपासायला त्यांनी तिच्यात उंदराच्या कर्करोगाच्या पेशी पेरल्या. पेशी वाढू लागल्या, एक-दोन मिलिमीटरच्या झाल्या आणि थांबल्या. त्या मेल्या नव्हत्या. त्याच पेशी पुन्हा जिवंत उंदरात सोडल्या, की त्यांची भलीमोठी गाठ होत होती. भांड्यातल्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या आणि उंदरात फुटत होत्या, एवढाच काय तो फरक होता. केशवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन ऊतीत फार तर एक-दोन दशांश मिलिमीटरपर्यंत पोचतो. त्यापलीकडची पेशी गुदमरते. म्हणून रक्तवाहिनीशिवाय गाठ मोहरीच्या दाण्याएवढी होऊन अडून बसते. १९७१ मध्ये फोकमन यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिलं, की गाठ स्वतःच रक्तवाहिन्यांना बोलावून घेते आणि हे बोलावणं बंद पाडता आलं तर गाठ उपाशी ठेवता येईल. पुढची कित्येक वर्षं बहुतेकांनी ही कल्पना हसण्यावारी नेली.

गाठ रक्ताला बोलावते कशी, हे सुरतेच्या माणसाला पटकन कळेल. इथे वस्ती आधी उभी राहते आणि नळ मागून येतो. घरं वाढतात, तहान वाढते, मग मुख्य लाइनीतून जिथे जमेल तिथून फाटे निघतात : वेडेवाकडे, गळके, काही पुढे जाऊन बंदच पडलेले. गाठीतल्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली तशाच दिसतात. त्यांना रांग नाही, भिंती सच्छिद्र आणि प्रवाह कधी इकडे तर कधी तिकडे. पेशीला ऑक्सिजन कमी पडला की तिच्यात हिफ नावाचं प्रथिन साठतं. पेशीची ही प्राणवायू ओळखण्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. हिफमुळे ज्या जनुकांना जाग येते, त्यांतल्या एकातून व्हीईजीएफ हा निरोप्या तयार होतो. तो जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तराला जाऊन भिडतो आणि तिथून नवी फांदी फुटते. १९८३ मध्ये सेंगर आणि ड्वोरॅक यांना हा रेणू रक्तवाहिन्या गळक्या करणारा म्हणून सापडला होता. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी त्याला रक्तवाहिन्या वाढवणारा म्हणून वेगळा काढला. पुढे कळलं, की गळती करणारा आणि वाढ करणारा एकच.

आता स्वादुपिंडाकडे येऊ, कारण या कथेतला सर्वांत देखणा प्रयोग त्याच अवयवावर झाला आहे. १९८५ मध्ये डग्लस हॅनाहन यांनी असे उंदीर तयार केले, की ज्यांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या प्रत्येक पेशीत कर्करोगाचं जनुक जन्मापासूनच चालू असतं. या पेशी लँगरहान्सच्या बेटांमध्ये राहतात. पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने १८६९ मध्ये ही बेटं पहिल्यांदा पाहिली. माणसाच्या स्वादुपिंडात ती सुमारे दहा लाख असतात, उंदराच्या त्याहून खूपच कमी. हॅनाहन यांच्या उंदरात सगळ्याच बेटांत बिघाड पेरलेला असूनही थोडीच बेटं पुढे मोठ्या गाठी होत. काही बेटं नुसती फुगत आणि तशीच राहत. १९८९ मध्ये फोकमन आणि हॅनाहन यांनी मिळून ही फुगलेली बेटं एकेक करून वेचली आणि जेलमध्ये रक्तवाहिन्यांच्या पेशींशेजारी ठेवली. बहुतेक बेटांकडे त्या पेशींनी ढुंकूनही पाहिलं नाही. मोजक्या बेटांकडे मात्र त्या सरकू लागल्या, जमू लागल्या, नळ्या करू लागल्या. जनुकं तीच, पेशी त्याच. पण एका क्षणी काही बेटांत एक कळ दाबली जाते आणि रक्ताला आमंत्रण जातं. गाठीचं भवितव्य तिच्या वाढीच्या हावेइतकंच या कळीवरही ठरतं, हे तेव्हा पहिल्यांदा इतक्या स्वच्छपणे दिसलं.

मग साहजिकच प्रश्न आला : माणसाच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या मोजून तिचा स्वभाव आधीच ओळखता येईल का?

मोजायच्या तर आधी त्या दिसायला हव्यात. इथे सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलांशी एक जुनं नातं निघतं. पॅथॉलॉजीची अर्धी विद्या ही कापड रंगवण्याची विद्या आहे. गाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये टिकवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि ते रंगवतात. पेशींची केंद्रकं निळी करणारं हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या लॉगवूड झाडातून येतं. या लाकडाच्या रंगाने युरोपात कित्येक शतकं लोकर आणि रेशीम रंगत होतं. बाकीचं गुलाबी करणारं इओसिन एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन रंग कारखान्यांची देणगी. रक्तवाहिन्या वेगळ्या दाखवायच्या तर त्यांच्या अस्तरावरच्या सीडी३१ किंवा सीडी३४ या प्रथिनांना नेमकी चिकटणारी प्रतिपिंडं सोडतात. त्या प्रतिपिंडाच्या मागे मुळ्याच्या कुळातल्या एका तिखट कंदातून काढलेलं एन्झाइम जोडलेलं असतं. त्यावर डायअमिनोबेन्झिडिन ओतलं, की जिथे रक्तवाहिनी तिथे तपकिरी रंग धरतो. हा रेणू बेन्झिडिनचा भाऊबंद. १८८४ च्या काँगो रेडपासून पुढे सुती कापडाचे कितीतरी रंग बेन्झिडिनवरच उभे होते. रंग कामगारांच्या मूत्राशयात त्याने कर्करोग केले, म्हणून आपल्याकडेही त्यावर आधारलेले रंग बंद झाले. ज्या घराण्याने कर्करोग दिला, त्याच घराण्यातला एक जण आता काचपट्टीवर कर्करोगाच्या वाटा दाखवतो, हे मला कुठल्याही कादंबरीइतकं चमत्कारिक वाटतं.

मोजण्याची रीत १९९१ मध्ये बोस्टनच्या नोएल वाइडनर यांनी बसवली, तीही फोकमन यांच्याबरोबर. आधी कमी भिंगातून सगळा काप न्याहाळायचा, तपकिरी ठिपके जिथे दाटीने आहेत तो ‘हॉटस्पॉट’ शोधायचा, मग २०० पट मोठं करून तिथली प्रत्येक वाहिनी मोजायची. पोकळी दिसलीच पाहिजे असं नाही. एकटी तपकिरी पेशी असली तरी ती एक वाहिनी धरायची. स्तनाच्या कर्करोगाच्या ४९ स्त्रियांच्या गाठी त्यांनी अशा मोजल्या आणि जिथे वाहिन्या जास्त, तिथे रोग पसरलेला असण्याची शक्यता जास्त असं आढळलं. कितीही शास्त्रीय वाटली, तरी या पद्धतीत माणसाची नजर मुरलेली आहे. हॉटस्पॉट कोणता, हे बघणारा ठरवतो. दोन अनुभवी डॉक्टर एकाच काचपट्टीवर वेगवेगळे आकडे काढू शकतात.

मग स्वादुपिंडाच्या गाठी मोजल्या गेल्या, आणि गोष्ट फाटली. कारण या अवयवात दोन निराळी कुळं नांदतात. स्वादुपिंडाचे दहापैकी सुमारे नऊ कर्करोग पाचकरस वाहणाऱ्या नलिकांच्या अस्तरातून निघतात. उरलेल्यांपैकी मोजके बेटांसारख्या पेशींतून येतात, त्यांना न्यूरोएंडोक्राइन गाठी म्हणतात. बाहेरच्या जगाला दोन्ही ‘स्वादुपिंडाचा कॅन्सर’ म्हणूनच कळतात. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल झाले आणि १७ मार्च २०१९ ला गेले. मधल्या काळात नाकात नळी असतानाही त्यांनी मांडवीच्या पुलाची पाहणी केली आणि विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. तेव्हा महाराष्ट्र-गोव्यातल्या घराघरांत या रोगाची धास्ती बसली. स्टीव्ह जॉब्स यांच्या स्वादुपिंडात २००३ मध्ये गाठ सापडली, ती न्यूरोएंडोक्राइन होती. ते ऑक्टोबर २०११ पर्यंत जगले आणि मधल्या आठ वर्षांत आयफोन बाजारात आला.

नलिकेच्या कर्करोगाचं दृश्य उजाड असतं. गाठीचा बराचसा भाग पेशींचा नसतोच. दाट, तंतुमय, जखमेच्या व्रणासारखी ऊती सगळीकडे माजलेली असते आणि तिच्या दाबाखाली आहेत त्या रक्तवाहिन्याही चेपून जातात. म्हणून कॉन्ट्रास्ट टोचून काढलेल्या सीटीत ती भोवतालच्या निरोगी स्वादुपिंडापेक्षा काळी दिसते. २००० साली अमेरिकेत सात रुग्णांच्या गाठींत शस्त्रक्रियेच्या वेळी थेट सुई खुपसून ऑक्सिजनचा दाब मोजला होता. शेजारच्या निरोगी भागात तो सुमारे २४ ते ९२ मिलिमीटर पारा भरला, गाठीत ० ते ५. इतक्या कोंडलेल्या जागेत जगायला शिकलेल्या पेशी चिवट असणारच. तरीही त्यातल्या त्यात फरक पडतो. जपानमधल्या संशोधकांनी १९९९-२००० च्या सुमारास दाखवलं, की याच कुळातल्या ज्या गाठींत वाहिन्या किंवा व्हीईजीएफ तुलनेने जास्त, त्यांचे रुग्ण लवकर जातात आणि यकृतात रोग पसरण्याचं प्रमाणही वाढतं. म्हणजे इथे जुना हिशेब चालतो, पण दुष्काळातल्या पाण्याचा हिशेब म्हणून.

न्यूरोएंडोक्राइन गाठींचं चित्र अगदी उलट. रक्ताने लालबुंद. कॉन्ट्रास्ट टोचल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या आसपास, धमन्यांत औषध भरलेलं असताना, त्या सीटीत दिव्यासारख्या उजळतात. फ्रेंच पॅथॉलॉजिस्टांनी २००३ आणि २००५ मध्ये या गाठींतल्या वाहिन्या मोजल्या. निरुपद्रवी, सावकाश वाढणाऱ्या गाठींत वाहिन्या सर्वांत दाट होत्या. गाठ जसजशी आक्रमक, तसतशी ती दाटी विरळ, आणि व्हीईजीएफही कमी. स्वतः संशोधकांनीच पुढे याला विरोधाभास म्हटलं.

मला यात विरोधाभास कमी आणि घराण्याची ओळख जास्त दिसते. लँगरहान्सची बेटं मुळातच रक्ताची श्रीमंत असतात. वजनाने ती स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्केच, पण त्यांच्याकडे जाणारा रक्तप्रवाह अवयवाच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात. असायलाच हवा, कारण त्यांना रक्तातली साखर क्षणोक्षणी चाखायची असते आणि इन्सुलिन थेट रक्तात सोडायचं असतं. त्यासाठी निरोगी बेटंही व्हीईजीएफ बनवत राहतात आणि आपल्याभोवती जाळीदार भिंतींच्या केशवाहिन्यांचं दाट जाळं राखतात. म्हणून सौम्य न्यूरोएंडोक्राइन गाठीतलं रक्त हे हावेचं लक्षण नाही. ती गाठ आपण मूळचे कोण हे अजून विसरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. विस्मरण वाढतं तशी ही सवय सुटते आणि रक्त कमी होतं. सीडी३४ चा आकडा एकच, पण एका कुळात तो वाढलेली भूक सांगतो, दुसऱ्यात टिकून राहिलेली आठवण.

यावर कुणी ‘मग हायपरव्हॅस्क्युलर म्हणजे चांगलंच’ असं समजू नये. मूत्रपिंडाचा कर्करोग स्वादुपिंडात पसरला तर तोही असाच उजळतो. उलट कधी कधी ती गाठ नसून स्वादुपिंडात अडकलेला प्लीहेचा निरुपद्रवी तुकडा निघतो. शिवाय न्यूरोएंडोक्राइन गाठींतही रोजच्या व्यवहारात भरवसा रक्तवाहिन्यांच्या मोजणीवर नसून केआय-६७ या दुसऱ्या खुणेवर आहे. विभाजनाच्या वाटेवरच्या पेशी ती दाखवते : ३ टक्क्यांहून कमी असेल तर पहिली श्रेणी, २० पर्यंत दुसरी, त्यावर तिसरी.

वाहिन्यांची मोजणी दवाखान्यात रुळली नाही, याची कारणं साधी आहेत. एंडोस्कोपीतून बारीक सुईने घेतलेल्या नमुन्यात चिमूटभर पेशी येतात. त्यात हॉटस्पॉट कुठला शोधायचा? रक्तातला व्हीईजीएफ मोजावा, तर नळीत रक्त गोठताना प्लेटलेट फुटून आपल्याजवळचा व्हीईजीएफ बाहेर टाकतात आणि आकडा फुगतो. म्हणजे तो गाठीचा की नळीचा, हेच कळत नाही. राहतो मेणाचा ठोकळा, पण तोही शस्त्रक्रिया झाली तरच पुरेसा मोठा मिळतो. तो ठोकळा मात्र जपून ठेवावा. सुरतेहून परळच्या टाटा मेमोरियलला दुसरं मत घ्यायला जाणाऱ्यांना स्लाइडबरोबर तोही आणायला सांगतात. पहाटेच्या फ्लाइंग राणीत कुणाच्या तरी पिशवीत डब्याशेजारी तो असतो, आणि त्या २६३ किलोमीटरच्या प्रवासात सोबतच्या कागदांपेक्षा जास्त बोलणारा पुरावा तोच.

ही मोजणी रुळली नसली, तरी तिने सांगितलेली गोष्ट औषधांच्या चाचण्यांत मात्र जशीच्या तशी उतरली. व्हीईजीएफला पकडून ठेवणारं बेव्हॅसिझुमॅब २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी आलं. मग ते स्वादुपिंडाच्या नलिकांच्या कर्करोगात ६०२ रुग्णांवर अजमावलं. औषध घेणारे साधारण ५.८ महिने जगले, न घेणारे ५.९. जिथे पाणीच नाही तिथला नळ तोडून काय मिळणार! मग काहींनी उलटा विचार केला : दाट ऊती विरघळवली तर रक्त आणि त्यातून केमोथेरपी आत पोचेल. २००९ मध्ये उंदरांत हे छान जमलं. माणसांवरची चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांची तब्येत जास्त बिघडत होती. २०१४ च्या प्रयोगांतून उलगडा झाला, की ती कोंदट ऊती गाठीला आवळूनही ठेवत होती. ती काढताच वाहिन्या वाढल्या आणि गाठ मोकाट सुटली.

रक्ताने भरलेल्या न्यूरोएंडोक्राइन गाठींत मात्र नळ तोडणं कामी आलं. व्हीईजीएफचा निरोप झेलणारी दारं बंद करणारी सुनिटिनिबची गोळी १७१ रुग्णांच्या चाचणीत दिली गेली. रोग पुन्हा वाढू लागेपर्यंतचा काळ ५.५ महिन्यांवरून ११.४ वर गेला आणि २०११ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. दुप्पट, पण तरी संपणारा. काही काळाने गाठी पुन्हा वाढतातच. का, हे पाहायला शास्त्रज्ञ परत हॅनाहन यांच्या त्याच उंदरांकडे गेले. व्हीईजीएफ अडवल्यावर त्यांच्या गाठी लहान होत, पण कडेने दातेरी होऊन शेजारच्या ऊतीत घुसू लागत. गुदमरलेल्या पेशींत मेट नावाचं दुसरं प्रथिन जागं होत होतं आणि ते त्यांना जागा सोडून पळायला लावत होतं. २०१२ मध्ये दोन्ही वाटा एकदम अडवणारं कॅबोझँटिनिब या उंदरांना दिलं, तेव्हा गाठी लहानही राहिल्या आणि घुसल्याही नाहीत. बारा वर्षांनी, २०२४ मध्ये, माणसांवरच्या चाचणीचे निकाल आले. आधीची औषधं निकामी ठरलेल्या स्वादुपिंडाच्या न्यूरोएंडोक्राइन रुग्णांत रोग थोपून राहण्याचा काळ ४.४ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेला होता. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत या गाठींसाठी कॅबोझँटिनिबला परवानगी मिळाली.